कारभाऱ्यांसाठीचं मागणं

फादर एमिल यांनी मागणं म्हटलं आणि गेरासिमने ओठ मिटले.

"आमच्या देशाच्या कारभाऱ्यांसाठी, शहरांच्या नि गावांच्या प्रमुखांसाठी, आणि ख्रिस्ताला प्रिय अशा सैन्यासाठी, प्रभूकडे मागू या."

याआधीच्या मागण्यांना त्याने भरल्या गळ्याने 'प्रभू, दया कर' असं उत्तर गायलं होतं. आता त्याने अंगठा पुस्तकातल्या पुढच्या ओळीवर ठेवला, दुसऱ्या हाताने पुस्तकाची लाकडी घोडी धरली आणि खिडकीबाहेरच्या अक्रोडाकडे बघत उभा राहिला.

या चर्चमध्ये लोक गात नाहीत. पाद्री मागतो, दास्कल उत्तर गातो. बाकीच्यांनी छातीवर क्रूस काढावा, मान लववावी आणि घरी जाऊन कोंबडीचं सार ओरपावं. एकतीस वर्षं गावाच्या वतीने देवाशी बोलायचं काम दास्कल म्हणून गेरासिमच्या एकट्या गळ्याकडे होतं. तो गप्प म्हणजे गाव गप्प.

गावाला त्यात काही वावगं वाटलं असेल तर कुणी बोललं नाही. गावाला डोळे असतात, तोंड नसतं. झुलत्या पुलासाठी आलेला नवा पोलादी दोर पांफिल सरपंचाने आपल्या पाहुणघराच्या आवाराला कुंपण म्हणून लावला, ते गावाने पाहिलं. त्याच कुंपणाला टेकून गाव त्याची फुकटची दारू प्यालं. मार्चमध्ये बर्फ वितळून नदी चढली, पुलाचा जुना गंजका दोर तुटला आणि गेरासिमचा मुलगा सावा सायकलसकट पाण्यात गेला, तेही गावाने पाहिलं. शहरातून चौकशीला माणसं आली तेव्हा मात्र कुणालाच काही आठवेना. दोर कुठला नि कुंपण कुठलं. गेरासिमने कुणाला शिवी दिली नाही, कुणाचं दार ठोठावलं नाही. सावाच्या मरणाला चाळीस दिवस झाले आणि पुढच्या रविवारी या एका मागण्याला त्याने तोंड उघडलं नाही. मागा तुम्ही सरपंचासाठी. मिळू नये एवढं मी बघतो.

पहिल्या रविवारी ती शांतता एका ठेचेएवढी होती. फादर अडखळले आणि पुढे गेले. उन्हाळाभर ती वाढत गेली. घड्याळात बघावं तर दोन-तीन सेकंद. पण तेवढ्यात वाळूत खोचलेल्या बारीक मेणबत्त्या बोटभर खाली येत. बाहेर भुंकणारं कुत्रं मध्येच थांबे. आणि दाराकडून वेदीकडे, नदीकाठी उभं राहिल्यावर लागतो तसा गारवा, घोट्याएवढ्या उंचीने फरशीवरून सरकत जाई. बायका पाय जवळ घेत. कुणी कुणाकडे बघत नसे.

ऑगस्टमध्ये पांफिलने त्याला रस्त्यात गाठलं होतं.

"दास्कल, रविवारी माझ्या वेळेला ते खालून गार काय लागतं रे? दार नीट बसत नाही का?"

तो हसत होता. पण भर उन्हाळ्यात त्याच्या पायांत लोकरी मोजे होते. सप्टेंबरच्या शेवटी तो कचेरीसमोर आपल्या गाडीत मेलेला सापडला. इंजिन चालू, पट्टा लावलेला, डोळे समोर रस्त्यावर. डॉक्टरने हृदय असं लिहिलं. काहीतरी लिहावं लागतंच.

मग उपसरपंच झहारिया त्या खुर्चीत बसला. एक्केचाळीस वर्षांचा, बैलासारखा गडी. पाचव्या आठवड्यात त्याचा आवाज गेला. घसा बसला असं नव्हे, गेला. शहरातल्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं तर आत सगळं जागच्या जागी. त्याने राजीनामा कागदावर लिहून दिला. आज तो खांबाला धरून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते, पाण्याबाहेर काढलेल्या माशाचे हलतात तसे.

गेरासिमने ते पाहिलं आणि पुन्हा अक्रोडाकडे नजर लावली.

"या गावासाठी..." फादर एमिल शेवटी म्हणाले. विहिरीतून जड काही ओढून काढल्यासारखा त्यांचा आवाज आला. गेरासिमने मोकळ्या गळ्याने उत्तर गायलं.

उपासना संपल्यावर फादर झगा न उतरवताच त्याच्याकडे आले. वयाने ते गेरासिमच्या मुलाएवढेच होते.

"दास्कल, मला पुढचं वाक्य सापडत नाही हल्ली."

"पुस्तकात बघा."

"पुस्तकातच बघतो. पान कोरं दिसतं."

"मग बिशपांना लिहा. मला काढा."

"आणि गायला कोणाला ठेवू? झहारियाला?"

गेरासिम हसला नाही. फादरनाही आपण असं का बोललो ते कळलं नसावं. त्यांनी घाईने छातीवर क्रूस काढला.

"वैर माणसाशी असावं, दास्कल."

"माणसाशीच आहे."

"माणूस मेला."

गेरासिमने आपला काळा अंगरखा खुंटीला लावला, त्याची कॉलर सारखी केली.

"मग खुर्ची मरू दे," तो म्हणाला.

बाहेर अंगणात पांफिलची विधवा आग्लाया कोलिवा वाटत होती. नवऱ्याचा चाळिसावा दिवस होता. शिजवलेला गोड गहू, वर अक्रोडाचा चुरा, कागदी वाट्यांमधून. जो तो वाटी घेई, 'देव त्याला क्षमा करो' असं पुटपुटे आणि चमचा शोधी. शाळेत ती गेरासिमच्या पुढच्या बाकावर बसायची.

"घे, दास्कल."

त्याने हात पुढे केला. मेलेल्याच्या नावाचा गहू कुणी नाकारत नाही. पण घेताना जे म्हणायचं ते त्याने म्हटलं नाही. आग्लायाने वाटी सोडली नाही. ती दोघांच्या हातांत राहिली.

"सावाच्या वेळी मी आले होते," ती म्हणाली. "तुझ्या अंगणात. तुझ्या हातची वाटी घेतली, आणि म्हणायचं ते म्हटलं."

"त्या कुंपणाच्या कडेनेच आली असशील."

"दुसरीकडून कुठून येणार? घर तिथेच आहे."

"मग दोर काढून का नाही टाकलास?"

"तोडायला गेले होते. करवतीची दोन पाती मोडली." तिने तळहात उलटा केला. अंगठ्याखाली पांढरा, जाड व्रण होता. "त्याने पाहिलं, आणि दोन दिवस बोलला नाही. तुला काय वाटतं, नदी फक्त तुझ्याच घरात शिरली?"

तिने वाटी सोडून दिली.

"तुला बोलायला लावायला नाही आले. गहू उरला की कावळे खातात, म्हणून दिला."

मंगळवारी दुपारी तो अंगणात कोबी चिरत होता. हिवाळ्यासाठी पिंपात मुरवायचा. मुलगी रुक्सांद्रा फाटकातून आत आली. ती गावच्या शाळेत शिकवायची आणि पंचायतीत निवडून आलेली होती. बैठक संपवून ती सरळ इकडेच आली होती. तिने एक गड्डा उचलला, बाहेरची पानं काढायला लागली.

"कुणी घेतली मग खुर्ची?" त्याने विचारलं.

"सात जणं टेबलाभोवती, सगळ्यांचे डोळे आपापल्या बुटांवर. म्हातारा इफ्तोदे म्हणतो, मला गुरं आहेत. जसं काही गुरांनीच नको म्हटलं. नेली म्हणते, मला नातवंडं आहेत. आमचा दारूदुकानवाला म्हणाला, माझं वजन वाढलंय."

"भित्रे साले."

"म्हणून मी म्हटलं, मला पूल आहे."

त्याने अजून दोन गड्डे चिरले. मग तिने पिशवीतून कचेरीचा शिक्का काढून मिठाच्या भांड्याशेजारी ठेवला, आणि सुरी कोबीत अडकून राहिली.

"परत देऊन ये."

"नाही."

"रुक्सांद्रा."

"बाबा, आठ महिने झाले. पलीकडची पोरं अजून दोन तासांचा वळसा घालून शाळेत येतात. मोजे वाळत घालते मी त्यांचे, शेगडीवर. तुमच्या गप्प बसण्यानं एक माणूस गेला म्हणतात, एक मुका झाला म्हणतात. फळी तर एक बसली नाही."

"मी कुणाला मारलेलं नाही."

"मी कुठं म्हटलं? मी तर यातलं काही मानतच नाही. गार फरशी म्हणे. जुनी इमारत आहे, फटी आहेत." ती खाकरली. पुन्हा खाकरली. "खडूची धूळ."

गेरासिम तिच्या गळ्याकडे बघत होता. तिथे देवी टोचल्याच्या खुणेसारखा एक तीळ होता, गिळताना वरखाली व्हायचा.

"त्या मागण्यात पांफिलचं नाव असायचं का हो कधी?" तिने विचारलं.

"नाही."

"झहारियाचं?"

"नाही. नाव नसतंच कुणाचं."

"मग माझंही नसेल." तिने पानं पिंपात टाकली, मीठ भुरभुरवलं. बराच वेळ हात आतच ठेवला. "आज सहीचे पहिले कागद समोर आले. दोनदा पेन खाली ठेवलं, बाबा. पांफिलनेही ठेवलं असेल का पहिल्या दिवशी? मी मानत नाही. पण कुणीतरी मागावं असं वाटतंय. वेडेपणाच आहे, पण वाटतंय."

"मी मागीन," गेरासिम म्हणाला. "तुझ्यासाठी नाही मागणार?"

ती हसली. शिक्का पिशवीत टाकला आणि खाकरत फाटकाबाहेर गेली.

त्याला ते सोपं वाटलं होतं. बंद केलेलं तोंड उघडायचं, एवढंच. बुधवारी कोंबड्यांना दाणे टाकताना त्याने गुणगुणत सुरुवात केली. चांगल्या हवेसाठी, जमिनीच्या भरपूर पिकासाठी: प्रभू, दया कर. आवाज आला. प्रवाशांसाठी, आजाऱ्यांसाठी, बंदिवानांसाठी: आला. कारभाऱ्यांसाठी. घशात हात घालून कुणीतरी तेवढंच वाक्य काढून नेल्यासारखं झालं. दुखलं नाही, खवखवलं नाही. तिथे नव्हतंच काही. कोंबड्या टिपायच्या थांबल्या आणि सगळ्या एकाच दिशेला बघायला लागल्या.

गुरुवारी रुक्सांद्राचा आवाज घोगरा झाला. शुक्रवारी ती वर्गात बोलली नाही. सगळं फळ्यावर लिहिलं. पोरांना गंमत वाटली, तीही फळ्यावर उत्तरं लिहायला लागली. हे त्याला पोस्टाजवळ एका पोराच्या आईने सांगितलं, आणि सांगता सांगता ती दोन पावलं मागे सरकली.

शनिवारी दुपारी त्याने चर्च उघडलं. एक मेणबत्ती लावली, वाळूत खोचली आणि घोडीपाशी उभं राहून मागणं स्वतःच म्हटलं. मग तोंड उघडलं आणि थांबला. किती वेळ ते त्याला कळलं नाही. त्याच्या हिशेबाने एक श्वास. मेणबत्ती वाळूपर्यंत जळून विझली होती. खिडकीत अक्रोड दिसत नव्हता, संध्याकाळ झाली होती. पायऱ्या उतरताना बुटांतून पचपच आवाज आला. त्याने बूट काढून उलटे केले. आतून पाणी पडलं, आणि नदीतली बारीक करडी वाळू.

तो तसाच अनवाणी फादर एमिल यांच्या दारात गेला. या पंथात पाद्री लग्न करतात; फादरच्या बायकोने पायांकडे पाहिलं आणि आत जाऊन नवऱ्याला पाठवलं.

"फादर, उद्या ते मागणं गाळा."

"आत या, दास्कल."

"गाळा एवढंच म्हणतोय मी. एक वाक्य. कुणाला कळणार आहे?"

फादर एमिल उंबऱ्यावर बसले. गेरासिम उभाच राहिला.

"पांफिल गेल्यावर मी तीन रविवार गाळायचा प्रयत्न केला होता," फादर म्हणाले. "मनात ठरवून गेलो. आधीच्या मागण्यावरून सरळ 'या गावासाठी' म्हणायचं. तोंड उघडलं तर कारभारीच बाहेर आले. तिसऱ्यांदा तर मी ओठ दाताखाली धरले होते. तरी ऐकू आलं. माझ्याच आवाजात."

आतून फादरच्या बायकोने कोरडे मोजे आणून गेरासिमच्या हातात दिले.

"आता तुमचीच पोर आहे तिथे," फादर म्हणाले. "आता तरी म्हणा."

"म्हणता येत नाही," गेरासिम म्हणाला. हे वाक्य मात्र स्पष्ट, खणखणीत आलं.

रविवारी चर्च भरलं होतं. एरवी ईस्टरलाच दिसतात अशी तोंडंही आली होती. गावाला बघायचं होतं. सरपंचाची जागा पुढे, वेदीच्या उजव्या बाजूला असते. रुक्सांद्रा तिथे उभी राहिली. तिने नेहमीचा शाळेतला कोट घातला होता, त्याच्या बाहीला खडू लागलेला होता. तिच्या आजूबाजूला तीन हातांची जागा मोकळी होती. गर्दीतही ती कुणी भरली नाही.

गेरासिमने पहिल्या मागण्याला उत्तर गायलं. दुसऱ्याला, तिसऱ्याला. आवाज इतका चांगला लागला होता की त्याची त्यालाच भीती वाटली.

"आमच्या देशाच्या कारभाऱ्यांसाठी," फादर एमिल म्हणाले, आणि एकेक शब्द पायरीवर पाय टाकावा तसा जपून टाकला, "शहरांच्या नि गावांच्या प्रमुखांसाठी, आणि ख्रिस्ताला प्रिय अशा सैन्यासाठी, प्रभूकडे मागू या."

गेरासिमने तोंड उघडलं.

मानेच्या शिरा ताठरल्या, जबडा खाली आला. खांबाजवळ झहारिया त्याच्याकडे बघत होता, आणि दोघांची तोंडं सारखीच उघडी होती. गारवा दारातून आत आला. आज तो घोट्याशी थांबला नाही. बायकांचे झगे गुडघ्यापर्यंत पायांना चिकटले. मेणबत्त्या खाली येत होत्या, थांबत नव्हत्या. पहिली विझली, दुसरी विझली. रुक्सांद्राने हात गळ्याशी नेला. मागे वळून बघितलं नाही. तिला वळायचं होतं आणि ती वळत नव्हती, हे बापाला तिच्या पाठीवरून कळलं. गाव बघत होतं. हे गाव नदीकाठीही असंच उभं राहिलं होतं, हात बाजूला, डोळे उघडे. गेरासिमने घोडी दोन्ही हातांनी धरली आणि गळ्याच्या जागी जे काही उरलं होतं ते सगळं पुढे ढकललं. पुस्तक हललं. बाकी काही नाही.

"प्रभू, दया कर."

डावीकडून आलं. बायकांच्या बाजूने.

आग्लाया. तिला गाता येत नव्हतं, आणि ती कधी गायली नव्हती. या चर्चमध्ये बायका गातच नाहीत. सूर चुकला होता, तालही. तळ्यावरून बदकं घरी हाकताना मारावी तशी ती हाक होती. तिच्या चेहऱ्यावर माया नव्हती. वाटेत पडलेली जड बादली कुणीच उचलत नाही म्हणून आपण उचलावी, आणि उचलताना सगळ्यांवर चिडावं, तसा तो चेहरा होता. तिच्या नवऱ्याच्या वेळी हे कुणी म्हटलं नव्हतं. सहा महिने ती याच जागी उभी राहून ते न म्हटलेलं ऐकत आली होती.

बाहेर कुठेतरी कुत्रं भुंकलं. रुक्सांद्रा खोकली, ओलसर, मोठ्याने, सर्दी झालेल्या कुणाही बाईसारखी.

फादर एमिल यांनी पानावर बोट ठेवलं.

"या गावासाठी, सगळ्या शहरांसाठी नि गावांसाठी, आणि त्यांत श्रद्धेने राहणाऱ्यांसाठी, प्रभूकडे मागू या."

लोक थांबले. गेरासिम आग्लायाकडे बघत राहिला. आता तीच म्हणेल असं त्याला वाटलं. तिने डोक्याच्या काळ्या रुमालाची गाठ घट्ट केली. मग त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि हनुवटीने पुस्तकाकडे खूण केली. तिचं म्हणून झालं होतं. हे गावाचं होतं, त्याने म्हणायचं.

त्याने श्वास घेतला. त्यातून आवाज येतो की नाही, हे अजून त्यालाही ठाऊक नव्हतं.